सायलेन्सरला रंग: रक्षणासाठी की लपवण्यासाठी?

मालाडच्या मार्वे धक्क्यावरून बोट सुटली की काही मिनिटांत खाडी ओलांडून मनोरीचा किनारा येतो. या बोटीत माणसांबरोबर दुचाक्याही चढतात. चारचाकीला मात्र हा मार्ग नाही. तिला भाईंदर, उत्तन आणि गोराई असा मोठा वळसा घेऊन मनोरी गाठावी लागते. उजव्या हाताला अरबी समुद्र, वर माड, आणि वाऱ्यात सतत मिठाचा अंश. गोराईचा विपश्यना पॅगोडा पाहून सुट्टीचा दिवस मनोरीला घालवणारी उपनगरांतील कुटुंबे संध्याकाळी परततात, तेव्हा गाडीच्या काचेवर जमलेला पांढुरका थर सर्वांना दिसतो आणि लगेच पुसला जातो. तोच थर गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या नळीवरही बसलेला असतो. तिथे वाकून पाहणारे थोडे.

काही वर्षांनी त्या नळीवर तांबूस डाग उमटतात आणि गॅरेजमध्ये हमखास एक सूचना येते: ‘सिल्व्हर रंग मारून घ्या, नव्यासारखा दिसेल.’ मालक गोंधळतो. सायलेन्सर तर स्टेनलेस स्टीलचा. त्याला गंज कसा आणि रंग कशाला? प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर शोधताना धातूचा स्वभाव कळतो आणि शेवटी व्यवहारातील सचोटीपर्यंत येऊन पोहोचावे लागते.

पोलादाचे स्वतःचे कवच

१९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हे धातुतज्ज्ञ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादाचे नवे मिश्रण शोधत होते. त्यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियम घातलेले पोलाद तयार केले आणि ते सहजी गंजत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. हिंसेच्या साधनासाठी सुरू झालेला शोध पुढे जगभरच्या स्वयंपाकघरांत स्थिरावला. ज्या भाईंदरवरून मनोरीचा रस्ता जातो, तिथल्या छोट्या कारखान्यांतही आज स्टीलची ताटे, वाट्या आणि डबे घडतात व चकाकतात.

स्टेनलेस म्हणवणाऱ्या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असावे लागते. हे क्रोमियम हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म पापुद्रा धरते. त्याची जाडी मिलिमीटरच्या दशलक्षाव्या भागात मोजावी लागते. अवघे काही नॅनोमीटर. तो डोळ्यांना दिसत नाही, पण पोलादाचे सारे रक्षण त्याच्यावर अवलंबून असते. ओरखडा पडला तर तो आपोआप पुन्हा भरून येतो. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात: पृष्ठभाग स्वच्छ हवा आणि त्याला प्राणवायू मिळायला हवा.

मीठ या पापुद्र्याचा वैरी आहे. लोणचे स्टीलच्या डब्यात न ठेवता चिनी मातीच्या बरणीत ठेवण्याची जुन्या गृहिणींची शिस्त याच कारणाने योग्य होती. स्टीलच्या पातेल्यात मिठाचे पाणी रात्रभर राहिले तर तळाशी बारीक टिपके पडतात, हेही अनेकींनी पाहिले असेल. मिठातील क्लोराइड पापुद्र्याला सूक्ष्म भोक पाडते, आणि त्या भोकाच्या तळाशी प्राणवायू पोहोचत नसल्याने जखम भरून येत नाही. वरून टाचणीच्या टोकाएवढा दिसणारा डाग आत खोल गेलेला असतो.

मनोरीच्या हवेत काय घडते

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटांचे तुषार वाऱ्याने विखुरले की हे क्षार किनाऱ्यावरच्या प्रत्येक वस्तूवर बसतात. त्यांत केवळ खाण्याचे मीठ नसते. मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते हवेतील दमटपणा ओढून घेतात. त्यामुळे पाऊस नसतानाही रात्रभर त्या थराखाली ओल टिकून राहते.

येथे एक अनपेक्षित गोष्ट लक्षात घ्यावी. किनाऱ्यावरील जे स्टील उघड्यावर पावसात धुतले जाते, त्यावर डाग कमी पडतात. छपराच्या आडोशाला असलेल्या स्टीलवर जास्त पडतात. पाऊस मीठ धुऊन नेतो, आडोसा ते साठवतो. सायलेन्सर हा गाडीच्या पोटाखालचा, म्हणजे कायमचा आडोशातला भाग. म्हणून मनोरीहून परतल्यावर, गाडी पूर्ण थंड झाल्यावर, खालच्या भागावर गोड्या पाण्याचा एक हलका शिडकावा करणे हा कोणत्याही रंगापेक्षा स्वस्त आणि गुणकारी उपाय आहे. त्याला अर्धी-पाऊण बादली पुरते; पाण्याच्या जिवांचे भान ठेवणाऱ्या घरात तेवढेच वापरावे. वाकलोच आहोत तर गाडीखाली मांजर, पक्षी वा अन्य जीव नाही ना, हेही पाहून घ्यावे. ही यतना श्रावकाला वेगळी सांगावी लागू नये.

सगळे स्टील सारखे नसते

भांडी घेताना काही जण खिशातून चुंबक काढतात. चिकटले नाही तर स्टील उत्तम, चिकटले तर हलके, असा त्यांचा हिशेब असतो. सायलेन्सरच्या बाबतीत हा हिशेब फसतो. अनेक गाड्यांचे सायलेन्सर ४०९ या जातीच्या स्टीलचे असतात. त्यात क्रोमियम सुमारे ११ टक्के असते, निकेल जवळजवळ नसते, आणि त्याला चुंबक चिकटते. तरीही ते स्टेनलेसच होय. त्यावर वरवरचा तांबूस थर लवकर येतो, पण तो बहुधा दिसण्यापुरता असतो. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले ३०४ अधिक टिकते. दोन टक्क्यांच्या आसपास मॉलिब्डेनम घातलेले ३१६ खाऱ्या हवेला त्याहून चांगले तोंड देते. उलट निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या स्वस्त स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, पण खारी हवा ते ३०४ इतकी सोसत नाही. म्हणून डाग दिसताच घाबरू नये आणि चकाकी दिसताच निश्चिंतही होऊ नये.

नळीवर पिवळसर, जांभळे वा निळे पट्टे दिसतात, तो गंज नसतो. उष्णतेने वरचा पापुद्रा जाड झाला की प्रकाशाचे असे रंग उमटतात. मात्र जिथे वेल्डिंगमुळे असे पट्टे आले असतील, तिथे पृष्ठभागालगतचे क्रोमियम कमी झालेले असते. सायलेन्सर बहुतेक वेळा प्रथम सांध्यांपाशीच गळू लागतो, त्याचे हे एक कारण आहे.

आतून येणारा गंज

बाहेरच्या रंगाची चर्चा करणारे एक गोष्ट बहुधा विसरतात. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटरच पाणी तयार होते. सायलेन्सर तापलेला असेल तर ते वाफेच्या रूपाने निघून जाते. गाडी रोज देरासरापर्यंत किंवा भाजीबाजारापर्यंत, अशी दहा मिनिटेच चालत असेल, तर नळी पुरेशी तापत नाही आणि ते पाणी आम्ले घेऊन आतच साचते. अनेक सायलेन्सरांच्या तळाशी हे पाणी ठिबकून जावे म्हणून बारीक छिद्र ठेवलेले असते. हौसेने मारलेल्या रंगाने तेच छिद्र बुजले, तर रक्षणासाठी केलेला उपाय नाशाला कारण होतो. आतल्या ओलीवर बाहेरचा कोणताही रंग चालत नाही. आठ-पंधरा दिवसांतून एकदा गाडी सलग अर्धा तास चालवणे हाच त्यावरचा इलाज.

रंग केव्हा आणि कसा

तर मग रंग मुळीच लावू नये काय? ज्याचा पृष्ठभाग अजून भक्कम आहे, पण जो सतत खाऱ्या हवेत वावरतो, अशा सायलेन्सरला योग्य रंगाचा उपयोग होतो; विशेषतः ४०९ जातीच्या स्टीलला आणि वेल्डिंगच्या सांध्यांना. हा रंग उच्च तापमान सोसणारा, सिलिकॉनच्या आधारावर बनवलेला असावा. इंजिनाजवळची नळी मागच्या डब्यापेक्षा कितीतरी अधिक तापते; म्हणून डब्यावर छापलेली तापमानाची मर्यादा वाचूनच तो निवडावा.

रंगाचे आयुष्य तयारीवर ठरते. गुळगुळीत स्टीलवर रंग धरत नाही. प्रथम गोड्या पाण्याने मीठ काढावे, मग तेलकटपणा काढावा, नंतर बारीक पॉलिश पेपरने पृष्ठभाग किंचित खरखरीत करावा. साध्या लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे कण स्टीलमध्ये रुततात आणि तेच आधी गंजतात. पूर्ण वाळल्यावर पातळ हात द्यावेत आणि डब्यावरील सूचनेप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवून रंग पक्का करावा. ऑक्सिजन सेन्सर, लवचीक जोड आणि पाणी ठिबकण्याचे छिद्र यांना रंग लागू देऊ नये.

तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली, जस्त असलेला रंग. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते, आणि वितळलेले जस्त तप्त स्टेनलेस स्टीलमध्ये शिरून त्याला तडे पाडू शकते. दुसरी, पावसाळ्यापूर्वी गाडीच्या तळाला देतात ते डांबरी वा रबरी कोटिंग. ते सायलेन्सरवर उडाले तर जळते, धूर होतो आणि आगीचा धोका निर्माण होतो. तिसरी, नळीभोवती गुंडाळायची उष्णतारोधक पट्टी. दमट, खाऱ्या हवेत ती ओल आणि मीठ दोन्ही धरून ठेवते.

सर्वांत मोठी चूक मात्र मीठ आणि गंज न काढता वरून रंग मारण्याची. रंगाखाली अडकलेल्या मिठाला प्राणवायू नसलेली बंद जागा मिळते, आणि पोलादाच्या स्वतःच्या कवचाला पुन्हा भरून येण्याची संधीच उरत नाही. वरून चांदीसारखी चमक आणि आत खोल जाणारी भोके, अशी अवस्था होते.

विक्रीच्या वेळचा रंग

खरा कसोटीचा क्षण गाडी विकताना येतो. जुना, टिपक्यांनी पोखरलेला सायलेन्सर बदलायला काही हजार रुपये लागतात. रंगाचा डबा काही शेकड्यांत येतो. ‘सगळेच करतात’ असे सांगणारेही भेटतात. येथे प्रश्न केवळ किमतीचा राहत नाही. फुटक्या सायलेन्सरमधून गळणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. काचा बंद करून निघालेल्या नव्या मालकाच्या मागच्या आसनावर त्याची झोपलेली मुले असू शकतात. रंग झाकतो तो डाग नसून एक इशारा असतो.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील एक ‘प्रतिरूपक व्यवहार’. हलकी वस्तू चांगलीच्या रूपात खपवणे, असा त्याचा अर्थ. दूध, तूप आणि सोने यांच्या भेसळीच्या संदर्भात हा शब्द प्रवचनांत ऐकलेला असतो; रंगवलेल्या सायलेन्सरलाही तो तंतोतंत लागू पडतो. येथे कोणाच्या खिशातून काही काढलेले नसते, तरी घेणाऱ्याकडून सत्य काढून घेतलेले असते.

कर्मसिद्धांतातील दोन शब्द येथे सहज आठवतात. नवीन कर्मांचे येणे थांबवणे हा संवर आणि जुन्या कर्मांचे झडणे ही निर्जरा. दोन्हींची साधना करावी लागते. साचलेले तसेच ठेवून दार लावले तर आतला मळ आतच राहतो. सायलेन्सरचेही असेच आहे. आधी मीठ आणि गंज निघावा, मग हवा असेल तर रंग चढावा. क्रम उलटला की तेच आवरण दोषाचे आश्रयस्थान होते.

म्हणून रंगाचा डबा उघडण्यापूर्वी एक छोटी परीक्षा करावी. थंड सायलेन्सरवर लाकडी दांड्याने हलकेच ठोकून पाहावे. आवाज खणखणीत आला तर बहुधा स्टील भक्कम आहे. तेथे स्वच्छता आणि योग्य रंग दोन्ही लाभतील. आवाज बद्द आला, पापुद्रे गळाले किंवा गाडी सुरू असताना फुसफुस ऐकू आली, तर जाणकार मिस्त्रीकडून गळतीची तपासणी करून घ्यावी आणि तो भाग बदलावा. विकायचीच असेल तर जे आढळले ते घेणाऱ्याला दाखवून, किंमत तेवढी कमी करून विकावी. त्यात काही हजारांचे नुकसान होईल. गाडी मात्र ज्याच्या घरी जाईल, त्याचे कुटुंब निर्धास्तपणे मनोरीला जाऊन परत येईल.