ऊब स्वस्त, हवा महाग

लेहमध्ये हिवाळ्यात पारा उणे वीस अंशांपर्यंत उतरतो. तेथे घर उबदार राखण्यास धुराड्याविना चालणारा रॉकेलचा हीटर बरा की सरपणाची बुखारी, हे केवळ इंधनाच्या दरावरून ठरविणे म्हणजे अर्धाच हिशेब मांडणे होय. एक लिटर रॉकेल सुमारे सव्वादोन किलो वाळलेल्या लाकडाइतकी उष्णता देते. शिवाय हीटरची सारी ऊब खोलीतच राहते. कागदावर जिंकतो तो हीटरच. परंतु ज्वलन अपुरे झाले की कार्बन मोनॉक्साइडही तेथेच साठतो. त्याला ना रंग, ना वास. दारे लावून निजलेल्या कुटुंबाला तो जागेही करीत नाही. त्यातून साडेतीन हजार मीटर उंचीवरची विरळ हवा! म्हणजे खिडकी किलकिली ठेवणे आले, आणि तिच्यावाटे विकतची ऊबही जाणार. ही गळती हीटरच्या खर्चात कोणी धरीत नाही. बुखारीचे धुराडे मात्र उष्णता दवडते म्हणून बदनाम. वस्तुतः ती स्वच्छ हवेची किंमत आहे. अर्थात या शीत वाळवंटात विलो-पॉप्लरची झाडे मोजकी, आणि सरपण वाहणाऱ्यांचे श्रम हिशेबाबाहेरच. म्हणूनच सार्वजनिक पैसा खर्चायचाच तर तो इंधनापेक्षा भिंती-छपरांच्या उष्णतारोधनावर आणि हिवाळ्यातही लख्ख ऊन घेणाऱ्या दक्षिणाभिमुख काचांवर आधी खर्चावा.