पुतळे नकोत, माणसे हवीत

थोरांची चरित्रे वाचण्याची आपल्याकडे एक ठराविक पद्धत पडून गेली आहे. जन्म गरिबीत, अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली, पुढे अपार कष्ट आणि शेवटी कीर्तीचा कळस! वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या घ्यायला आणि निबंधाचा शेवट गोड करायला अशी चरित्रे फार सोयीची पडतात. पण ती वाचून आपण खरोखर काही घेतो काय, हा प्रश्न मला अलीकडे छळू लागला आहे. तो मी चीनमधल्या काही माणसांच्या निमित्ताने येथे मांडणार आहे.

चीनचे नाव काढताच कपाळाला आठ्या पडतील, हे मला ठाऊक आहे. १९६२ चे युद्ध आपण विसरलेलो नाही. २०२० साली गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले, तेही विसरता येणार नाही. परंतु राज्यकर्त्यांशी असलेले भांडण वेगळे आणि तिथल्या माणसांची ओळख करून घेणे वेगळे. शेजाऱ्याशी बांधाचा तंटा असला म्हणून त्याच्या घरात कोण राबते, कोण उपाशी झोपते, हे जाणून घेऊ नये असे थोडेच आहे?

शिवाय आपला एक धागा तिथे गुंतलेला आहेच. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच निवर्तले. शांतारामबापूंच्या चित्रपटाने ही कथा घरोघरी पोचवली. पण त्यांच्या पत्नी गुओ चिंगलान यांचे पुढे काय झाले, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? पडद्यावर जयश्रीबाईंनी त्यांची भूमिका केली. पडदा पडला आणि आपले कुतूहलही संपले. ही बाई शिकलेली परिचारिका होती. पती गेला तेव्हा मुलगा काही महिन्यांचा होता. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे ‘भारत-चीन’. तो वैद्यकीचे शिक्षण घेत असतानाच १९६७ साली मरण पावला. नवरा गेला, मुलगा गेला, तरी कोटणीस कुटुंबाशी असलेले नाते या बाईंनी जन्मभर सांभाळले, त्यासाठी त्या भारतातही येऊन गेल्या. २०१२ साली त्या वारल्या. पतीचे मरण साऱ्या जगाने पाहिले. पत्नीचे सत्तर वर्षांचे जगणे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. मरणापेक्षा असे जगणे सोपे असते काय?

दुसरे उदाहरण तू योयो या विदुषींचे. जन्म १९३० चा. व्हिएतनामच्या युद्धात हिवतापाने सैनिक पटापट मरत होते, म्हणून चीन सरकारने २३ मे १९६७ रोजी औषधशोधाची एक गुप्त योजना सुरू केली. १९६९ साली या बाईंवर त्यातील एका गटाची जबाबदारी आली. तो सांस्कृतिक क्रांतीचा धामधुमीचा काळ होता. पती श्रमछावणीत पाठवलेले. थोरली मुलगी पाळणाघरात ठेवलेली, धाकटी आजोळी. बाईंनी जुन्या वैद्यकग्रंथांतून आणि वैद्यांकडून दोन हजारांवर नुसखे गोळा केले. चौथ्या शतकातल्या गे हाँग नावाच्या वैद्याच्या ग्रंथात एका वनस्पतीचा रस थंड पाण्यात काढायला सांगितला होता. एवढ्या एका सूचनेवरून, उकळल्याने औषधी गुण नष्ट होत असावा, असे त्यांनी ताडले. कमी तापमानावर काढलेला अर्क क्रमांक १९१ हा ऑक्टोबर १९७१ मध्ये उंदरांवर पूर्ण गुणकारी ठरला. पुढच्या वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेऊन पाहिला. ही वनस्पती, आपण जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्याच कुळातली. आजही तापाने फणफणलेल्या रुग्णाला हिवतापावरची जी औषधे दिली जातात, त्यांत तिचा अंश असतो.

पण पुढचे ऐका. १९७७ साली हा शोध प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर कोणाही व्यक्तीचे नाव नव्हते. नोबेल पारितोषिक मिळाले २०१५ साली, म्हणजे शोधानंतर ४४ वर्षांनी! बाईंजवळ ना डॉक्टरेट, ना परदेशातली पदवी. आणि श्रेय एकटीचे नव्हे, शेकडो संशोधकांचे होते, असा वादही तिथे झाला. मला तो वाद योग्य वाटतो. कारण थोर काम एकट्या माणसाच्या हातून क्वचितच होते. चरित्रकार मात्र बाकीच्यांना अलगद पुसून टाकतात.

युआन लाँगपिंग हे हुनान प्रांतातल्या एका आडवळणी कृषिशाळेत १९५३ पासून मास्तर होते. १९५९ ते ६१ या वर्षांत चीनमध्ये भीषण दुष्काळ पडला, कोट्यवधी माणसे मेली. तो दुष्काळ नुसता आभाळाचा नव्हता, राज्यकर्त्यांच्या धोरणाचाही होता. ते पाहिलेल्या या मास्तराने संकरित भाताचा ध्यास घेतला. १९६८ साली कोणीतरी त्यांच्या शेतातली रोपे रातोरात उपटून टाकली. त्यातली काही विहिरीत तरंगताना सापडली. त्यांवर पुन्हा काम सुरू झाले. १९७० साली हैनान बेटावर त्यांच्या शिष्याला हवी तशी रानभाताची जात सापडली आणि १९७३ साली प्रयोग सफल झाला. २०२१ साली ते वारले, तेव्हा त्यांना निरोप द्यायला लोकांची रीघ लागली होती.

आता दोन साधी माणसे. बाय फांगली हा तिआनजिन शहरातला सायकलरिक्षा ओढणारा निरक्षर म्हातारा. सत्तरी ओलांडल्यावर हा गृहस्थ पुन्हा रिक्षा चालवू लागला आणि गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी त्याने सुमारे साडेतीन लाख युआन दिले. स्वतः मात्र शिळेपाके खाऊन, दुसऱ्यांनी टाकलेले कपडे घालून राहिला. २००५ साली तो वारला. आणि युन्नानच्या डोंगरात राहणाऱ्या झांग ग्वेमेई या शिक्षिका. मुली मध्येच शाळा सोडतात हे पाहून त्यांनी रस्त्यावर उभे राहून वर्गणी मागितली, लोकांचे टोमणे खाल्ले आणि २००८ साली हुआपिंग येथे मुलींचे मोफत विद्यालय उभे केले. पुढच्या बारा वर्षांत तिथल्या अठराशेवर मुली उच्च शिक्षणाला गेल्या. याच बाईंनी २०२० साली, माजी विद्यार्थिनी शिकून घरीच बसली म्हणून तिची देणगी नाकारली, तेव्हा त्यांच्यावर टीकाही झाली. मला त्यांची भूमिका कठोर वाटते. पण त्यामुळे त्या मला अधिक खऱ्या वाटतात.

याच्या उलट लेइ फंग नावाच्या सैनिकाची गोष्ट. हा तरुण १९६२ साली अपघातात गेला. १९६३ साली माओने ‘लेइ फंगपासून शिका’ अशी हाक दिली. त्याची रोजनिशी आणि छायाचित्रे देशभर फिरली. त्यांतले खरे किती आणि प्रचारखात्याने रचलेले किती, अशी शंका पुढे अनेकांनी घेतली. तो मुलगा भला असेलही. पण सरकारने त्याचा पुतळा केला आणि आतला माणूस हरवला. पुतळ्याला नमस्कार करता येतो, त्याला प्रश्न विचारता येत नाही!

आणि माझा मुद्दा नेमका हाच आहे. प्रेरक कथा वाचून डोळे पाणावले की आपले कर्तव्य संपले, असे आपण समजतो. पण बाय फांगलीची कथा वाचून विचारायला हवे, की पोरांच्या फीसाठी पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याला रिक्षा का ओढावी लागली? झांगबाईंना मुलींच्या शाळेसाठी हात का पसरावे लागले? असे प्रश्न केवळ चीनपुरते नाहीत. आपल्याकडेही पगारातून पोरांना वह्या-पुस्तके देणाऱ्या गुरुजींचा सत्कार होतो. गावात वह्या का नाहीत, हे सत्काराच्या भाषणात कोणी काढत नाही. त्यागाचे कौतुक ही कित्येकदा व्यवस्थेची पळवाट असते.

मित्रहो, म्हणून ही चरित्रे वाचू नयेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. जरूर वाचावीत; पण शेवटच्या पानावरचे पारितोषिक पाहण्यासाठी नव्हे, तर मधली कोरडी वर्षे पाहण्यासाठी. कोणी विचारत नव्हते, कोणी ओळखत नव्हते, तेव्हा ही माणसे दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कामाला कशी लागली, हे त्यांच्याकडून शिकावे. आणि त्याचबरोबर, इतके सोसण्याची वेळ पुढच्या माणसावर येऊ नये म्हणून आपल्याला काय करता येईल, हेही पाहावे. हे दुसरे काम जो करील, त्यालाच पहिले खरे कळले असे मी म्हणेन.