रिकामी जागा कोणाची?

छत्तीसगड विधानसभेच्या 90 जागांसाठी पुढील सार्वत्रिक निवडणूक 2028 च्या अखेरीस अपेक्षित आहे. त्यापूर्वीही मृत्यू, राजीनामा किंवा अपात्रता यांमुळे एखादी जागा कोणत्याही दिवशी रिकामी होऊ शकते. अशी जागा मोकळी झाली की सत्ताधारी वर्गाच्या पक्षांत एकच धावपळ सुरू होते. तिकीट कोणाला मिळणार, एवढीच चर्चा वृत्तपत्रांचे रकाने भरून टाकते. बोरसीपासून वैशालीनगरपर्यंत पसरलेल्या दुर्ग-भिलाईच्या वस्त्यांतील मतदाराला मात्र वेगळे प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. जागा रिकामी का झाली? ती किती काळ रिकामी राहणार? आणि तेवढ्या काळात आपले गाऱ्हाणे सभागृहात कोण मांडणार?

भिलाईचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर वैशालीनगर हा नवा मतदारसंघ अस्तित्वात आला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाच्या सरोज पांडे तेथून विजयी झाल्या. दुर्गचे महापौरपद त्यांच्याकडे होतेच. मे 2009 मध्ये त्या दुर्गमधून लोकसभेवरही निवडून आल्या. एकाच व्यक्तीकडे तीन सभागृहांची पदे आल्याचे त्या वेळी मोठे कौतुक झाले. कायद्याला यात काही गैर दिसत नाही. परंतु ज्या मतदारांनी आमदार निवडला होता, त्यांचा आमदार सहा महिन्यांत गेला. नोव्हेंबर 2009 मध्ये तेथे पोटनिवडणूक झाली व काँग्रेसचे भजनसिंग निरंकारी विजयी झाले. विधानसभा, लोकसभा आणि पुन्हा विधानसभा, अशा एका वर्षात तीन निवडणुका या मतदारांच्या वाट्याला आल्या. खर्च अर्थातच सार्वजनिक तिजोरीचा.

त्याच मतदारसंघाने पुढे याची दुसरी बाजूही पाहिली. आमदार विद्यारतन भसीन यांचे जून 2023 मध्ये निधन झाले. विधानसभेची मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असल्याने पोटनिवडणूक झाली नाही, आणि नोव्हेंबरमधील सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत वैशालीनगरला प्रतिनिधी नव्हता.

लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम 151-क हे 1996 मध्ये घातले गेले. रिकामी जागा सहा महिन्यांच्या आत भरावी, असे ते सांगते. उर्वरित मुदत वर्षापेक्षा कमी असेल, किंवा या काळात निवडणूक घेणे कठीण असल्याचे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले, तर सूट मिळते. या दुसऱ्या सवलतीचा अर्थ काय होऊ शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचे 29 मार्च 2023 रोजी निधन झाले. लोकसभेची मुदत वर्षाहून अधिक उरली होती. तरीही 2024 च्या निवडणुकीची तयारी पुढे करून पोटनिवडणूक टाळण्यात आली. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक तातडीने घेण्याचा आदेश दिला. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. परिणामी पुणेकर चौदा महिने लोकसभेत प्रतिनिधीविना राहिले.

जागा रिकामी होण्याचे आणखी एक कारण अलीकडे बळावले आहे. मार्च 2020 मध्ये मध्य प्रदेशात काँग्रेसच्या 22 आमदारांनी राजीनामे दिले आणि सरकार कोसळले. नोव्हेंबर 2020 मध्ये राज्यातील 28 जागांसाठी पोटनिवडणुका झाल्या, आणि राजीनामे देणारे बहुतेक जण दुसऱ्या पक्षाच्या चिन्हावर त्याच मतदारांपुढे हात जोडून उभे राहिले. मतदाराने दिलेला कौल असा बाजारात उतरवला जातो, तेव्हा जागा रिकामी होत नाही, ती रिकामी केली जाते. त्याचा जाब प्रचारसभेतच मागितला गेला पाहिजे.

भिलाईसारख्या पोलादनगरीत विधानसभेच्या जागेचे महत्त्व किती, असा प्रश्न काही कार्यकर्ते विचारतात. सोव्हिएत सहकार्याने उभारलेला आणि 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेला पोलाद कारखाना केंद्र सरकारच्या मालकीचा. मग रायपूरच्या सभागृहाकडे कशासाठी पाहायचे? या प्रश्नाचे उत्तर भिलाईच्याच इतिहासात आहे. 1990 नंतर येथील खाजगी कारखान्यांतील कंत्राटी कामगार जगण्यापुरते वेतन व कायम नोकरी यांसाठी उभे राहिले. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत झोपेत हत्या झाली. 1 जुलै 1992 रोजी रेल्वेमार्गावर ठाण मांडलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. पंधराहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. पोलीस राज्य सरकारचे असतात. खाजगी कारखान्यांवर देखरेख ठेवणारे श्रम खातेही राज्याचेच. श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आल्या आहेत. त्यांखालील अनेक नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. तेव्हा विधानसभेत कामगाराचा आवाज असणे वा नसणे ही किरकोळ बाब नव्हे.

तो आवाज तेथे पोहोचू शकतो, हेही याच परिसराने दाखवून दिले आहे. दल्ली-राजहराच्या खाणकामगार चळवळीतील जनकलाल ठाकूर डौंडी-लोहारा मतदारसंघातून विधानसभेत गेले. त्यांच्या पाठीशी पैसा नव्हता; वर्षानुवर्षांची संघटना होती.

केवळ सहानुभूतीवर विसंबून चालत नाही, हा धडा मुंबईच्या परळने दिला. 5 जून 1970 रोजी कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. ऑक्टोबरमधील पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि 1,679 मतांनी पराभूत झाल्या. वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार ठरले. गिरणगावातील संतापाला चाळीचाळीतून बांधून घेणारे काम पुरेसे झाले नाही, तर काय घडते, हे त्या फरकाच्या आकड्याने कायमचे लिहून ठेवले आहे.

म्हणून काम निवडणूक जाहीर होण्यापूर्वी सुरू झाले पाहिजे. पहिले काम मतदारयादीचे. 4 नोव्हेंबर 2025 पासून सुरू झालेल्या विशेष सखोल पुनरीक्षणात छत्तीसगडचा समावेश होता. भाड्याची खोली बदलत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराचे नाव यादीत टिकले आहे काय, हे घरोघरी जाऊन तपासावे व नसेल तर अर्ज भरून द्यावा. दुसरे काम मागण्यांचे: वेतन, कारखान्यातील सुरक्षितता, पाणी, दवाखाना यांविषयी प्रत्येक वस्तीची सनद वस्तीच्या बैठकीतच तयार व्हावी. तिसरे काम उमेदवारांना जाहीर प्रश्न विचारण्याचे: पाच वर्षे ही जागा सोडणार नाही, असे वचन ते देणार आहेत काय? डाव्या पक्षांच्या उमेदवारालाही या प्रश्नातून सूट नसावी.

जागा आमदाराची नसते. ती त्याला निवडून देणाऱ्या जनतेची असते. जागा रिकामी झाली तरी जनता तिच्या भोवती संघटित उभी राहिली, तर पुढे तेथे कोण बसणार याचा निर्णय तिकीटवाटपाच्या बंद खोलीत होणार नाही. तो बोरसीच्या आणि वैशालीनगरच्या मतदान केंद्रांवर होईल.