काम कानाचं, अट डोळ्यांची

ध्वनिसंपादन म्हणजे खरं तर कानाचं काम. खोकला कुठे आला, वाक्य कुठे कापायचं, आवाज कुठे फाटला, हे शेवटी कानच ठरवतो. तरीही या कामाची बरीच सॉफ्टवेअर्स अंध माणसाला दारातच अडवतात. अंध गायकाला आपण टाळ्या वाजवतो, पण त्याच गाण्याचं मिक्सिंग एखादा अंध माणूस करेल हे आपल्या डोक्यातही येत नाही!

आता थोडं तांत्रिक. स्क्रीन रीडर पडद्याकडे 'बघत' नाही. तो ऑपरेटिंग सिस्टीममार्फत प्रोग्रामला विचारतो, की फोकस कुठे आहे, तिथे बटण आहे का, त्याचं नाव काय? विंडोजमध्ये ही सोय १९९७ पासून आहे. साधी, तयार बटणं वापरली तर उत्तरं बहुतेक आपोआप मिळतात. पण ऑडिओवाल्यांना चकचकीत नॉब आणि नाचणारे मीटर हवे असतात. ते प्रोग्रामर स्वतः रंगवतो आणि नावं द्यायची विसरतो. मग स्क्रीन रीडरसाठी ती नुसती कोरी पाटी.

"अहो, पण वेव्हफॉर्म हे चित्रच आहे, ते वाचून कसं दाखवणार?" हा आपल्या लोकांचा ठरलेला प्रश्न. माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. चित्र वाचायचं नाहीये, चित्र बघून जो निर्णय घेतो तो दुसऱ्या वाटेने घेता आला पाहिजे. ऑडॅसिटीमध्ये ध्वनिफीत वाजत असताना डाव्या चौकटी कंसाची कळ दाबली की निवडीची सुरुवात ठरते, उजव्या कंसाची दाबली की शेवट. मग 'सी' दाबा. निवडलेला तुकडा वगळून मागचं-पुढचं ऐकू येतं, म्हणजे कापायच्या आधीच सांधा कसा लागेल ते कळतं. यात डोळे कुठे लागले?

दुसरं उदाहरण रीपरचं. हे काही ओपन सोर्स नाही, पण बाहेरच्यांना एक्स्टेन्शन लिहिता येतील एवढं दार कंपनीने उघडं ठेवलं. त्यातून जेम्स टेह यांनी 'ओसारा' हे मोफत एक्स्टेन्शन लिहिलं. टेह स्वतः अंध आहेत, आणि एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरच्या दोन मुख्य शिल्पकारांपैकी एक. ओसारा ट्रॅकची नावं बोलतं, आवाज ठरलेल्या पातळीवर गेला की सांगतं, प्लगइनचे पॅरामीटर साध्या यादीत देतं. अर्थात प्लगइन लिहिणाऱ्याने त्यांना 'पॅराम १', 'पॅराम २' अशी नावं दिली असतील, तर ओसारा तरी काय करणार?

थोडक्यात काय, यात दयाधर्माचा काही संबंध नाही. प्रत्येक कामाला कळफलकावरून वाट आणि प्रत्येक नियंत्रणाला धड नाव, एवढंच मागणं आहे. पण 'नंतर बघू' म्हणत ते प्रत्येक रिलीजमध्ये मागे पडतं, आणि तेवढ्यात कोणाचं तरी रेडिओवरचं किंवा ऑडिओबुकचं काम हातातून जातं.

तेव्हा मंडळी, असं सॉफ्टवेअर लिहीत असाल तर पुढच्या रिलीजआधी एक करा. एनव्हीडीए चालू करा, मॉनिटर बंद करा, आणि एका मिनिटाच्या रेकॉर्डिंगमधला खोकला काढून दाखवा. जिथे अडाल तो बग. क्रॅशइतकाच मोठा.