मोरी तुंबू नये म्हणून

मैत्रिणींनो, घरात पाहुणे आणि नेमकी मोरी तुंबलेली, हा अनुभव कुणाला नाही? तूप-डालडा गरम असताना वाहून जातं, पण पुढे नळीत थिजतं. त्यावर भाताची शितं नि चहाचा चोथा बसला, की झालंच! म्हणून तुपकट भांडी घासण्याआधी रद्दी कागदाने पुसावीत. मोरीला बारीक जाळी हवीच. आठवड्यातून एकदा रात्री दोन चमचे धुण्याचा सोडा टाकून वर तांब्याभर कढत पाणी ओतावं; उकळतं मात्र नको, प्लॅस्टिकची नळी मऊ पडते. न्हाणीतले केस रोज उचलावेत. आणि एक लक्षात ठेवा हं! ॲसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नका, विषारी वायू निघतो. जाळी चार पैशांची. प्लंबरची मिनतवारी मात्र महागात पडते!