प्रसूतिगृहांचा जाब कोणी विचारावा?

इंग्लंडमधील श्रूजबरी व टेलफर्ड येथील सरकारी रुग्णालयांच्या प्रसूतिसेवेची चौकशी २०१७ साली सुरू झाली, ती दोन शोकाकुल कुटुंबांच्या चिकाटीमुळे. प्रारंभी २३ कुटुंबांची प्रकरणे होती. ३० मार्च २०२२ रोजी अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा ही संख्या १,४८६ वर गेली होती. योग्य शुश्रूषा मिळती, तर २०१ बालके कदाचित वाचली असती, असा अहवालाचा निष्कर्ष. रुग्णालय आपल्या चुका आपणच तपाशीत होते, आणि काही वेळा दोष मातांच्याच माथी मारीत होते. आरोपीच न्यायासनावर बसला, तर दुसरे काय निष्पन्न होणार?

आपल्याकडे २०१७ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मातामृत्यूंचा आढावा जिल्हाधिकाऱ्यांपुढे घ्यावयाचा असतो. मृतेच्या आप्तांना तेथे पाचारण करण्याचीही तरतूद आहे. तरतूद स्तुत्य खरी. परंतु निष्कर्ष दप्तरातच राहिले, तर इतर रुग्णालयांनी त्यापासून बोध कसा घ्यावा? डॉक्टर-परिचारिकांची नावे खुशाल गुप्त ठेवा. मात्र काय चुकले आणि पुढे काय सुधारले, हे रुग्णालयाबाहेरील तज्ज्ञांनी तपासून दरवर्षी जनतेपुढे मांडलेच पाहिजे. ज्या घरातली माता गेली, त्या घराला एवढे उत्तर मागण्याचा अधिकार निःसंशय आहे.