चार टक्क्यांची चोरवाट

भिलाईत आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण प्लांटच्या पगारावर झाले. 1959 मध्ये इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. पुढे राखीव जागांमुळे दलित-आदिवासी घरांत कायम नोकरी आली, क्वार्टर आले, मुले कॉलेजात गेली. भिलाईवर 2020 मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या जोनाथन पॅरी यांनी इथल्या माणसांच्या तोंडचा भेद नेमका टिपला आहे. ‘नोकरी’ वेगळी आणि ‘काम’ वेगळे. आज कायम नोकऱ्या आटल्या आहेत आणि बरेचसे काम ठेकेदारांकडे गेले आहे. पदवी घेऊन बसलेल्या आपल्या पोरांना सल्ला मिळतो, नोकरी मागू नका, उद्योजक व्हा. ठीक आहे. मग सरकारी खरेदीत आपला वाटा किती, हेही विचारले पाहिजे.

हा प्रश्न नवा नाही. बाबासाहेबांनी 1942 मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात नोकऱ्यांबरोबरच सरकारी कंत्राटांतही अस्पृश्यांचा वाटा मागितला होता. केंद्राचे खरेदी धोरण त्यानंतर 70 वर्षांनी, 2012 मध्ये आले. केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून 20 टक्के खरेदी करावी आणि त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून असावे, असे त्यात ठरले. 2015 पासून ते बंधनकारक झाले. 2018 च्या दुरुस्तीने 20 चे 25 टक्के झाले, महिलांसाठी 3 टक्के आले. आपले 4 टक्के मात्र 4 च राहिले. तेही हाती आले नाहीत. जाहीर आकडे 1 टक्क्याच्या आसपास घुटमळतात.

असे का होते, ते त्या आदेशातच लिहिले आहे. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योग निविदेत उतरले नाहीत, किंवा निविदेच्या अटी आणि सर्वांत कमी दर त्यांना जमले नाहीत, तर त्यांचे 4 टक्के इतर लघु उद्योगांकडून भरून काढता येतात. म्हणजे आपला वाटा बुडाला तरी खात्याचे एकूण उद्दिष्ट पूर्ण दिसते. निविदेच्या अटी खरेदीदारच ठरवतो. मागील अनुभव आणि उलाढाल यांत सवलत देण्याची मुभा आहे, पण ती द्यायची की नाही हेही त्याच्याच हातात. ज्याच्या घरात आजवर कुणी दुकानही टाकले नाही, त्याने तीन वर्षांची उलाढाल आणायची कुठून?

देखरेखीसाठी लघुउद्योग मंत्रालयाच्या सचिवांच्या अध्यक्षतेखाली पुनर्विलोकन समिती आहे. राखीव वस्तूंची यादी तपासणे, सूट मागणारे अर्ज ऐकणे आणि उद्दिष्टांवर लक्ष ठेवणे ही तिची कामे. उद्दिष्ट चुकले तर कारणे द्यायची ती या समितीला. दंड नाही. कारण ऐकून घेणारी समिती आणि हक्क मिळवून देणारी समिती यांत फरक असतो.

दुसरा रस्ता आहे. कर्नाटकने कायदा करून सरकारी बांधकामांत 17.15 टक्के कामे अनुसूचित जातींच्या आणि 6.95 टक्के अनुसूचित जमातींच्या ठेकेदारांसाठी राखून ठेवली. सुरुवातीला 50 लाखांपर्यंतच्या कामांना असलेली ही तरतूद 2023 मध्ये 1 कोटीपर्यंत वाढवली. तिथे स्पर्धा होते ती राखीव ठेकेदारांमध्येच.

काही जण म्हणतील, यातून चार दलित ठेकेदार श्रीमंत होतील, मजुराला काय? हा आक्षेप खरा आहे. ठेकेदार आपला असला तरी किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी चुकवण्याचा परवाना त्याला नाही. पण मजुराचा हक्क हे कारण पुढे करून वाटा दुसऱ्याच्या पदरात टाकणे, हा न्याय नव्हे.

म्हणून मागणी साधी आहे. 4 टक्के इतरांकडे वळवण्याची तरतूद रद्द करा, न झालेली खरेदी पुढच्या वर्षात अनुशेष म्हणून धरा आणि समितीत अनुसूचित जाती-जमातींच्या पुरवठादारांना जागा द्या. तोवर आपल्या हातात माहितीचा अधिकार आहे. आपल्या गावाजवळच्या प्रत्येक सार्वजनिक उपक्रमाला तीन प्रश्न विचारा. आमचे किती पुरवठादार नोंदले आहेत? किती जण कोणत्या अटीवर बाद झाले? आमच्या 4 टक्क्यांतले किती रुपये दुसरीकडे वळले? पदवीने आपल्याला अर्ज लिहायला शिकवले आहे. तो नोकरीसाठीच लिहावा असे कुणी सांगितले?